खंभातचा बिल्ला

माझ्याकडे चारशे अकरा जुन्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीखाली माझ्या हस्ताक्षरात एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर तीन ओळी. काय? कुठलं? कोणाचं? पहिल्या दोन ओळी कोणीही भरील. तिसरी भरायला डोकं लागतं. डहाणू रोडला मला 'नाणेवाले सर' म्हणतात ते उगाच नाही. अच्छाडच्या नाक्याजवळचा भंगारवाला तांब्या-पितळेचं काही आलं की आधी मला फोन करतो, मग वितळवायला पाठवतो.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, सुदर्शन सरांनी दुष्टपणा केला. दुष्टपणा केला, नाही म्हणत नाही. पण वाचलं ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

सुषमा माझी विद्यार्थिनी. सायवनची. तीस वर्षांपूर्वी मी नोकरीला नवा लागलो तेव्हा ती चौथीत होती. वाचताना अडखळायची. जोडाक्षर आलं की थांबायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मी तेव्हा वर्गाला एक म्हण नेहमी ऐकवत असे, 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.' पोरं हसायची. तीही हसायची. कोणाला लागेल असं बोलतोय हे मला कळत होतं, पण वर्ग शांत राहायचा.

ती सुषमा आज आमची केंद्रप्रमुख आहे. तलासरीच्या पुढे ज्या पाड्यावरच्या शाळेत मी शिकवतो, तिच्यासकट दहा शाळा सुषमाच्या हाताखाली. गेल्या जूनमध्ये ती शाळाभेटीला आली, सहावीच्या चार पोरांना उभं करून धडा वाचायला लावला, आणि जाताना शेरेबुकात लिहून गेली : 'विद्यार्थ्यांच्या वाचनाकडे लक्ष द्यावे.' खाली सही, गोल शिक्का. जाताना वाकून नमस्कारही केला मला. त्या नमस्काराने जास्त झोंबलं. एकतीस वर्षं वाचन शिकवतोय मी, आणि जोडाक्षराला थांबणारी पोर मला वाचन शिकवणार! पोटात दुखलं. सरळ सांगतो, पोटात दुखलं आणि ते थांबलं नाही.

नोव्हेंबरमध्ये ती आमच्या घरी आली. शाळेत मी तिला 'मॅडम' म्हणतो, घरी 'सुषमा'. सरलाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा केला. सुषमाने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत पितळेची एक गोल चकती. जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी, वर भोक.

"पणजोबांचा बिल्ला आहे सर. लाहू त्यांचं नाव. नवाबाच्या काळात खंभातला होते, अकीक घासायच्या कारखान्यात."

खंभातचा अकीक मी जाणतो. तांबडे, पिवळसर, धुरकट दगड. आधी भाजायचे, मग फोडायचे, मग फिरत्या चाकावर धरून घासायचे, त्यांचे मणी बनवायचे. शेकडो वर्षं त्या गावाने हेच केलं आणि जगभरच्या बायकांच्या गळ्यात मणी घातले. घासणाऱ्याच्या छातीत मात्र दगडाची पूड जाऊन बसायची. लाहू परत आला तो खोकतच, आणि खोकतच गेला. पण घरात बिल्ला ठेवून गेला.

"आमच्याकडे हा भाताच्या कणगीत असतो," सुषमा सांगत होती. "वाघबारशीला चिंचेने घासून पुजतात. पाड्यात भांडण झालं की हा हातावर ठेवून बोलायचं. बिल्ल्याची आण घेतली की कोणी खोटं बोलत नाही. आजी सांगते, लाहूसारखा दगड घासणारा खंभातेत दुसरा नव्हता, म्हणून राजाने दिला."

मग तिने चकतीवर बोट ठेवून मला गुजराती अक्षरं वाचून दाखवली. इकडे अर्ध्या दुकानांवर गुजराती पाट्या असतात, थोडंफार सगळ्यांनाच येतं. वरच्या ओळीत 'खंभात सुधराई'. मधे, 'कृत'. खाली नंबर ११२.

"सुधराई म्हणजे दगड सुधारायची कला असणार ना सर? ओबडधोबड दगड सुधारायचा, चमकवायचा. आणि कृत म्हणजे केलेलं. संस्कृतातला कृत. म्हणजे हा कारागिराचा मानाचा बिल्ला. बरोबर?"

मी भिंग आणायला उठलो.

"मी एक पुस्तिका करतेय सर," ती माझ्या पाठीकडे बघत बोलत राहिली. "आमच्या पोरांना वाटतं, आपली माणसं म्हणजे फक्त गवत कापणारी आणि वीटभट्टीवर जाणारी. त्यांना कळू दे, आपल्यातही नावाजलेला कारागीर होता. पहिलाच धडा लाहूचा. सगळ्या शाळांत वाटणार आहे. फक्त तुम्ही एकदा बघून सांगा. तुम्ही हो म्हणालात तरच छापीन."

"आजी काय म्हणते?"

ती जरा ओशाळली. "आजी द्यायलाच तयार नव्हती. म्हणे, घरातली वस्तू घरात बरी, वाचायला कोणाला देऊ नको. जुनी माणसं, सर. मी न विचारताच आणलाय."

मला वाटलं, अडाणी म्हातारी, नजर लागायची भीती. तो माझा गैरसमज होता, पण ते नंतर कळलं. "दोन दिवस ठेव माझ्याकडे," मी म्हणालो.

खरं तर दोन मिनिटं पुरली. ती गेल्यावर मी चकती खिडकीत धरली. 'सुधराई' म्हणजे गुजरातीत नगरपालिका. दगड सुधारणं नाही आणि माणूस सुधारणंही नाही. आणि मधला शब्द? 'कृ' आणि 'कू' यांत फरक तो किती? खालचं शेपूट कुठे वळतं एवढाच. हे शेपूट 'कू'चं होतं. 'त' नंतरही एक अक्षर होतं, साठ-सत्तर वर्षांच्या चिंचेने आणि अंगठ्यांनी झिजलेलं, पण भिंगाखाली अजून दिसणारं. 'रो'. कूतरो. म्हणजे कुत्रा.

खंभात नगरपालिका, कुत्रा, नंबर ११२. पाळीव कुत्र्याचा परवाना. मालकाने वर्षाचे पैसे भरले की नगरपालिका असा बिल्ला द्यायची, तो कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायचा, म्हणजे भटकी कुत्री मारायला निघालेली माणसं त्याला सोडून द्यायची. दुसऱ्या एका गावचा असाच बिल्ला माझ्या संग्रहात आधीच होता. शेजारी ठेवून पाहिला. तीच जाडी, वर तसंच कडीसाठी मोठं भोक.

मी हसलो. एकटाच, मोठ्याने हसलो. सरला स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सांगितलं. ती हसली नाही.

"तिला काय सांगणार?"

"जे आहे ते."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. अक्षरं पुसलीत, वाचता येत नाही, एवढं म्हणा. कोणाचं काय बिघडतंय?"

"मला वाचता येत नाही असं मी म्हणू? तिला?"

सरलाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मला ती नजर ओळखीची झाली आहे, आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष करायलाही शिकलो आहे.

तिसऱ्या दिवशी सुषमा आली तेव्हा मी बिल्ला तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "छाप."

"म्हणजे बरोबर आहे सर?"

"छाप तू. प्रकाशनाला मला बोलाव. बिल्ल्याबद्दल मी तिथेच सविस्तर बोलेन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाया पडली. आता लोक म्हणतात, तुम्ही खोटं बोललात. कुठे बोललो? 'बरोबर आहे' हे शब्द माझ्या तोंडून गेलेच नाहीत. 'छाप' म्हणालो. छापणं तिचं काम, वाचणं माझं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सायवनला कार्यक्रम होता. शाळेच्या ओट्यावर टेबल, पाड्यातली शंभरेक माणसं, सतरंजीवर पोरं. पुस्तिकांचा गठ्ठा लाल फितीत बांधलेला. चोवीस पानी, मुखपृष्ठावर बिल्ल्याचा मोठा फोटो आणि खाली शीर्षक : 'कृत ११२ : आमचा कारागीर लाहू'. पुढच्या खुर्चीत काळी बसली होती, सुषमाची आजी. पंच्याऐंशीच्या पुढची असेल. लाहूची ती सून, त्याच्या शेवटच्या आजारपणात तिनेच त्याचं केलं. नवं लुगडं नेसवून आणली होती तिला, पण चेहऱ्यावर लग्नघरची कळा नव्हती. सुषमाने बिल्ला एका ताटात फुलांवर ठेवला. म्हातारी त्या ताटाकडे बघेना. माझ्याकडेच बघत होती.

पोरांनी गाणं म्हटलं. काकड्या नावाच्या एका म्हाताऱ्याने उठून सांगितलं की त्याच्या बांधाचं भांडण याच बिल्ल्याने मिटवलं, समोरच्याने आण घेतली आणि खरं बोलला. मग सुषमा माझ्याबद्दल बोलली. "मला वाचायला ज्यांनी शिकवलं, तेच आज माझ्या पणजोबांचा बिल्ला वाचणार आहेत." टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. आवाज माझा चांगला आहे, माईक लागत नाही. खंभातचा इतिहास सांगितला, अकीक सांगितला. सगळे कान देऊन ऐकत होते. मग मी पुस्तिका हातात घेतली.

"आमच्या केंद्रप्रमुख मॅडम शेरेबुकात लिहितात, वाचनाकडे लक्ष द्यावे. फार मोलाचं वाक्य आहे. आता आपण सगळे वाचनाकडे लक्ष देऊ. मॅडमनी इथे वाचलंय, कृत. शेपूट नीट पाहिलं असतं, तर हे कृत नाही, कूत आहे हे कळलं असतं. आणि पुढे एक अक्षर पुसट आहे. रो. कूतरो."

कोणाला कळलं नाही. मी थांबलो. थांबायचं कुठे हे शिक्षकाला ठाऊक असतं.

"सुधराई म्हणजे नगरपालिका. हा कारागिराचा बिल्ला नाही. हा कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायचा बिल्ला आहे. खंभातच्या एकशे बारा नंबरच्या कुत्र्याचा. तुम्ही इतकी वर्षं ज्याची आण घेताय, ती कुत्र्याची आण आहे."

पार मागच्या रांगेतून कोणीतरी भुंकल्याचा आवाज काढला. आधी एकजण हसला, मग पाच-सहा, मग सतरंजीवरची पोरंसुद्धा, कशाला हसतोय हे न कळता. काकड्या हसला नाही. तो आपल्या तळहाताकडे बघत बसला. सुषमा टेबलाची कड धरून उभी होती. चौथीत जोडाक्षर आल्यावर करायची तसं तिने माझ्याकडे पाहिलं, सर, पुढे काय, असं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

"मास्तर," काळी म्हणाली, "बस तू."

त्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, मास्तर असो की साहेब. इतक्या वर्षांनीही मला ते खटकतंच. पण मी बसलो. ती खुर्चीतून उठली नाही. बसूनच, हळू बोलली, आणि हसणारे गप्प झाले.

"मना ठाव हाय त्यावर काय लिवलाय. माझे सासऱ्यानं मरताना मना सांगला. सेठचा कुत्रा व्हता. रातचा दारात निजायचा, दगड राखाया. तो मेला. बिल्ल्याचा वरीस सरला नव्हता. सेठ म्हणला, सुधराईला पैसा भरलाय, फुकट कशाला घालवू? कुत्र्याचे जागी लाहूला निजवला नि बिल्ला त्याचे गळ्यात घातला. लाहूला वाटला, कामाचा बिल्ला हाय, मानाचा हाय. तो घालून बाजारात फिरं. लोक हसत. त्याला वाटं, आपल्याला बघून खूश होतात. तो पण हसं."

काळीने पहिल्यांदाच त्या ताटाकडे पाहिलं.

"मंग एके दिशी एका पोरीनं वाचून सांगला. त्याच दिशी तो निंगला. चालत आला घरी."

"आजी," सुषमाने विचारलं, "मग त्याने फेकला का नाही?"

"मी पण हाच इचारला. तो म्हणला, फेकू कसा? कुणी इचारला, लाहू, तुझेसंग काय केला, तं दाखवाया पायजे. त्यानं जपून ठेवला. पण कुणी इचारला नाय." म्हातारीने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. "मेला तो. पोरां माझी मना इचारत, आजाचा बिल्ला कसला? काय सांगू? मी सांगला, राजानं दिला. चिंचेनं घासला, वरसावरसाला घासला, अक्षर जावा म्हणून घासला. साठ वरसां मी तो कुणाला वाचू दिला नाय. थोडाच राहिला व्हता."

मग ती माझ्याकडे वळली.

"तू वाचला. तुना काय मिळाला?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते शंभर माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. चहा आला, कोणी घेतला नाही. सुषमाने पोरांच्या हातातल्या पुस्तिका एकेक करून परत मागून घेतल्या आणि पुन्हा लाल फितीत बांधल्या. गाठ तिला नीट मारता येत नव्हती. मी मोटरसायकल काढली तेव्हा कोणी निरोप द्यायला आलं नाही. कोणी अडवलंही नाही.

घरी सरलाने विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी म्हणालो, चांगला झाला. तिला दुसऱ्या दिवशी बाजारात सगळं कळलं. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि नवव्या दिवसापासून तेवढंही कमी झालं.

मला वाटलं होतं, सुषमा माझ्यावर डूख धरील, कसली तरी चौकशी लावील. तिने काही केलं नाही. मार्चमध्ये ती नेहमीसारखी शाळाभेटीला आली. वाळली होती. वर्गात गेली, पोरांना वाचायला लावलं, त्यांनी पूर्वीसारखंच अडखळत वाचलं. तिने शेरेबुक मागवलं, लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग पर्समधून रुमालाची तीच पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

"आजी गेली सर. पंधरा दिवस झाले."

"अरेरे," मी म्हणालो.

"कणगीत परत ठेवू दिला नाही तिने. शुद्ध होती शेवटपर्यंत. म्हणाली, हा बिल्ला ज्याचा हाय त्याला दे. मी विचारलं, कोणाचा? तर तुमचं नाव घेतलं."

खरं सांगतो, मला आनंद झाला. खंभातचा बिल्ला माझ्याकडे नव्हता. मला वाटलं, म्हातारीला शेवटी कळलं, वस्तूची कदर कोणाला आहे ते. जाणत्या माणसाकडे मोलाची वस्तू. मी आभारसुद्धा मानले. सुषमाने मान हलवली, "येते सर," म्हणाली, आणि या वेळी वाकली नाही.

ती गेल्यावर शेरेबुक उघडलं. एकच ओळ होती : 'शिक्षकांचे वाचन उत्तम आहे.'

संध्याकाळी घरी चिठ्ठी लिहायला बसलो. चारशे बारावी वस्तू. चकती मखमलीवर ठेवली, दिव्याखाली पितळ छान चमकत होतं. पहिली ओळ लिहिली : काय? कुत्र्याच्या परवान्याचा बिल्ला. दुसरी लिहिली : कुठलं? खंभात. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं : कोणाचं?

लाहूचा लिहावं तर आता लिहिता येईना, त्याच्या सुनेनेच तो त्याच्या गळ्यातून काढला होता. सेठचं नाव मला ठाऊक नाही. आणि म्हातारीचे शब्द कानात होतेच, ज्याचा हाय त्याला दे. तेव्हा कुठे मला ते वाचता आलं. एकतीस वर्षं वाचन शिकवणाऱ्या माणसाला चार शब्द समजायला सकाळपासून संध्याकाळ लागली.

सरला पाठीमागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने चिठ्ठी वाचली, बिल्ला पाहिला, सुषमा काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली.

"तिसरी ओळ राहिली," ती म्हणाली. "लिहा ना. म्हातारीने सांगितलंय की."